किल्ली कोणाच्या हाती?

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय आभासी चलन बाजारपेठेतून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीचे चलन चोरीस गेले आणि ग्राहकांचे चलन वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. बँक बुडाली तरी ५ लाखांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे कवच असते. येथे तेही नाही.

म्हणून चलन स्वतःच्याच डिजिटल पाकिटात ठेवावे, असा सल्ला दिला जातो. तेथील मालकी मात्र १२ किंवा २४ शब्दांवर अवलंबून असते. हे शब्द ज्याला कळले तो धनी; ज्याचे हरवले तो कफल्लक! दाद मागावी, तर शाखा नाही की व्यवस्थापक नाही. मोबाइलमध्ये त्यांचे छायाचित्र ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली उंबऱ्यावर ठेवणे होय. ते कागदावर लिहून दोन सुरक्षित जागी ठेवावेत; मदतीच्या मिषाने ते विचारणारा चोरच समजावा.

हरवलेले शब्द कोणताही कायदा परत आणू शकत नाही, हे खरे. परंतु लोकांचे चलन सांभाळणाऱ्या बाजारपेठांना उत्तरदायी ठरविणे शासनाच्या हाती आहे. २०२२ पासून या नफ्यावर ३० टक्के कर आकारला जातो. वसुलीचा कायदा झाला; ग्राहकाच्या रक्षणाचा कधी होणार?