साथीचे व्हायोलिन आणि बोलके व्हायोलिन

रॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्य संगीतात गजाची वाद्ये बहुधा पाहुणी म्हणून येतात. गायक असतो, गिटारवाले असतात, ड्रमवाला असतो. आणि गाणे जरा हळवे करावयाचे झाले की चार व्हायोलिनवाल्यांना बोलावून त्यांच्याकडून मागे एक रेशमी पडदा सोडवून घेतात. ध्वनिमुद्रण संपले की पाहुणे बिदागी घेऊन घरी जातात. या प्रथेतही चांगली कामे झाली आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. बीटल्स मंडळींचे १९६५ चे ‘यस्टर्डे’ घ्या. त्यात गिटारच्या जोडीला चार तंतुवादक आहेत. पुढच्याच वर्षीच्या ‘एलेनॉर रिग्बी’त तर आठ तंतुवादक असून चौघा बीटल्सपैकी एकाचेही वाद्य त्यात वाजत नाही. पण तेथेही बोलतो तो गायकच. व्हायोलिनने स्वतःचे म्हणणे मांडावे, अशी अपेक्षा कोणी केलेली नाही.

ती अपेक्षा केली तर काय होते, हे ज्यांना ऐकावयाचे असेल त्यांनी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरच्या ‘डर्टी थ्री’ या त्रिकुटाकडे वळावे. नावावरून नाक मुरडू नये. १९९२ साली हे तिघे एकत्र आले : व्हायोलिनवर वॉरन एलिस, गिटारवर मिक टर्नर आणि ड्रमवर जिम व्हाइट. थोडे अपवाद सोडले तर यांच्या संगीतात गायक नाही, शब्द नाहीत. बड्या रेकॉर्ड कंपन्यांच्या छत्राबाहेर, लहान स्वतंत्र कंपन्यांमार्फत ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या वाद्यवृंदांना तिकडे ‘इंडी’ म्हणतात. त्या पंगतीतले हे वादक.

माझी त्यांच्याशी ओळख करून दिली माझ्या भाचीने. ती सात वर्षे व्हायोलिन शिकते आहे. ‘ओशन साँग्ज’ ही त्यांची १९९८ ची ध्वनिमुद्रिका लावून तिने मला आधीच बजावले, “मामा, यात राग शोधू नका हं, नुसते ऐका.” ही सूचना मी रसिक वाचकांपर्यंतही पोहोचवतो. यांच्या अगदी सुरुवातीच्या एका ध्वनिमुद्रिकेतील पहिल्याच रचनेचे नाव ‘इंडियन लव्ह साँग’ असे आहे खरे. पण त्या नावाच्या भरवशावर तेथे आपला भूप किंवा भैरवी धुंडाळणाऱ्याची निराशाच व्हायची.

मग तेथे आहे तरी काय? ‘ओशन साँग्ज’चे ध्वनिमुद्रण शिकागोत स्टीव्ह अल्बिनी यांनी केले. वादक खोलीत जसे वाजवतात तसेच टिपावे, वरून रंगरंगोटी करू नये, असा त्यांचा लौकिक होता. त्यामुळे गज तारेवर घासल्याचा खरखरीत स्पर्शही कानाला कळतो. टर्नरची गिटार दोन-चार स्वरांचा एक लहानसा आकार पुन्हा पुन्हा वाजवीत राहते. आपल्याकडे तबल्याच्या एकलवादनात सारंगीवाला लेहरा धरतो, काहीशी त्याच जातीची. जिम व्हाइट ठेका असा धरतच नाहीत. त्यांच्या हातातील ब्रश कातड्यावरून सरपटतात, थबकतात, मध्येच उसळतात. समेवर येऊन दाद घेण्याची सोय येथे नाही. लाट किनाऱ्याला कधी लागेल ते सांगता येत नाही, तसा हा ताल आहे. आणि या दोघांच्या मधून एलिस यांचे व्हायोलिन एक साधी, उदास धून घेऊन चालू लागते. प्रथम कुजबुजते, मग तीच धून थोडी वर चढवते, मग गजाचा दाब वाढतो, आणि अखेर तारा अक्षरशः ओरडू लागतात. ‘डीप वॉटर्स’ ही रचना सुमारे सोळा मिनिटांची आहे. आपल्या श्रोत्याला त्याचे भय वाटू नये. विलंबित ख्यालाला बसणाऱ्याला सोळा मिनिटे ती काय!

आक्षेप येईल तो या ओरडण्यावर. एलिस यांनी आरंभी गिटारचा पिकअप रबर बँडने व्हायोलिनला बांधला आणि तो आवाज ॲम्प्लिफायरमधून सोडला. लहानपणी शास्त्रशुद्ध व्हायोलिन शिकलेल्या माणसाने हे करावे, याचे काहींना वाईट वाटेल. माझे मत असे की, हा कर्कशपणा फुकटचा नाही. दहा मिनिटे हळू बोलत आलेल्या माणसाचा कंठ शेवटी फुटावा, तसा तो येतो. उणीव काढायचीच तर ती दुसरीकडे आहे. हळू आरंभ आणि मोठा शेवट हा आराखडा हे लोक फार वेळा वापरतात. सलग चार रचना ऐकल्या की पाचवीचे वळण आधीच कळते. आपल्याकडचा चांगला वादक एका स्वरसमूहातून जितकी निरनिराळी दारे उघडतो, तितकी येथे उघडत नाहीत.

हे सारे आपल्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण घरचे आहे. माझ्या भाचीला महाविद्यालयातील तीन मुलांनी, दोन गिटारवाले आणि एक ड्रमवाला, आपल्यात वाजवण्यासाठी बोलावले. ती जेथे शिकते तेथून निरोप आला की, असल्या ठिकाणी वाजवावयाचे असेल तर येथे येऊ नये. गुरुजींची भीती निराधार नाही. आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून, वाद्याचे टोक पायावर टेकवून वाजवतात. तिकडे उभे राहून, हनुवटीखाली धरून. तारा लावण्याची रीतही वेगळी. दोन्हीकडे पाय ठेवणाऱ्याची बैठक बिघडू शकते. हातासाठी घातलेला नियम मी मानीन. पण हा निरोप हाताविषयी नव्हता, तो सोवळ्याविषयी होता, आणि तेथे मी गुरुजींशी सहमत नाही.

व्हायोलिन हे वाद्यच मुळी परदेशातून आलेले. दक्षिणेत एकोणिसाव्या शतकात बालुस्वामी दीक्षितांनी ते कर्नाटक संगीतात आणले. उत्तरेकडे आमच्या ग्वाल्हेर गायकीत मुरलेल्या गजाननबुवा जोश्यांनी (१९११–१९८७) त्यातून गायकी काढून दाखविली, आणि वि. गो. जोगांचे व्हायोलिन बिस्मिल्लाखाँसाहेबांच्या सनईशी बरोबरीच्या नात्याने बोलले. त्या सर्वांनी परक्या वाद्यावर विश्वास टाकला म्हणूनच आज ते विद्यालयांत शिकवले जाते.

साथ ही हीन गोष्ट आहे, असे मी म्हणत नाही. स्वतः एलिस निक केव्ह यांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षे साथीला आहेत, चित्रपटांनाही त्यांनी केव्ह यांच्यासह संगीत दिले आहे. तरी त्रिकूट त्यांनी सोडले नाही. २०१२ नंतरची ध्वनिमुद्रिका २०२४ साली आली, पण आली. आमच्याकडे मात्र व्हायोलिन शिकणाऱ्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या मागेच बसावे, असे जणू ठरून गेले आहे. वार्षिक समारंभात गायनाला तास मिळतो, तबल्याला अर्धा तास मिळतो, आणि व्हायोलिनच्या मुलांना स्वागतगीतात एकत्र उभे करतात.

भाचीला मी इतकेच सांगितले की, त्या मुलांना आधी विचार, तुला बोलावयास बोलावले आहे की पडदा सोडावयास? पडदा सोडावयाचा असेल तर जाऊ नको. बोलावयाचे असेल तर जा, आणि रियाझ दुप्पट कर, कारण बोलणाऱ्याचे बेसूर लपत नाही. गुरुजनांनाही एक विनंती आहे. येत्या समारंभात एका विद्यार्थ्याला अर्धा तास एकट्याने वाजवू द्या. त्याला स्वतःच्या घरी बोलावयास मिळाले, तर तो ते दुसऱ्याच्या घरी शोधावयास जाईल असे मला वाटत नाही. आणि गेलाच, तर तेथे आपल्या घराण्याचे नाव राखील.