‘अंशतः’ लिहिण्याचे धैर्य

नांदेड-लातूरकडील महाविद्यालयीन ग्रंथपालांना ‘कोहा’ हे नाव नवे नाही. न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी घडविलेली ही मुक्त संगणकप्रणाली २००० साली कार्यान्वित झाली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. परंतु भेटीचे खरे मोल तिच्या प्रामाणिक परिचयात आहे. नवी आवृत्ती निघाली की काय सुधारले हे तिचे कर्ते जाहीर करतात. उरलेल्या दोषांची यादीही कोणालाही पाहता येते.

आपल्याकडे हा मोकळेपणा कितपत आहे? नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालयाचे संगणकीकरण ‘पूर्ण’ की ‘अंशतः’, असा प्रश्न विचारला गेला आहे. निम्म्या ग्रंथांच्या नोंदी जुन्या नोंदवहीतच असताना ‘पूर्ण’ लिहिले, की उरलेल्या कामासाठी माणूस मागण्याचा हक्कच संपतो. मग औशाहून एसटीने आलेला विद्यार्थी संगणकावर न सापडलेले पुस्तक ग्रंथालयात नाहीच असे समजून परततो.

उलटपक्षी, वर्षानुवर्षे जुनीच आवृत्ती चालवून ‘फुकटचे ते असेच’ असा शेरा मारणे हाही अन्यायच. जगभरची संकेतस्थळे ज्या ‘ओपनएसएसएल’वर विसंबून होती, तिची देखभाल मूठभर माणसे करीत होती, हे बहुतेकांना कळले ते २०१४ साली गंभीर दोष उघडकीस आल्यावर!

म्हणून ग्रंथालयाच्या दारावरील फलकावर चार गोष्टी असाव्यात: आवृत्ती कोणती, नोंदी किती झाल्या, किती उरल्या आणि जबाबदारी कोणाची. ‘अंशतः’ या शब्दात कमीपणा नाही; कमीपणा आहे तो खोट्या ‘पूर्ण’मध्ये.