कोणाच्या पोटी जन्मलात?

गाणे इंग्रजी आणि तेही रॉक. ते या स्तंभात कशाला, असे काही वाचक विचारतील. पण ते ज्या प्रश्नाभोवती फिरते तो आपल्या पूर्ण ओळखीचा आहे. माणूस कोणाच्या पोटी जन्मला यावरून त्याच्या वाट्याला काय यावे?

गाण्याचे नाव 'फॉर्च्युनेट सन', म्हणजे भाग्यवान पुत्र. कॅलिफोर्नियातील क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या चमूने ते १९६९ साली काढले. लिहिणारा जॉन फोगर्टी. तेव्हा व्हिएतनामचे युद्ध चालू होते व अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती होती. कॉलेजात शिकणाऱ्यास सवलत मिळे. ज्याच्या घरी फीचे पैसे नाहीत त्याने बंदूक उचलायची. खुद्द फोगर्टीला १९६६ साली भरतीचा कागद आला आणि तो राखीव दलात गेला. डिसेंबर १९६८ मध्ये निवडून आलेले अध्यक्ष निक्सन यांच्या कन्येचे लग्न माजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नातवाशी झाले. अशा घरच्या मुलांना युद्धाची झळ लागणार नाही, ही चीड फोगर्टीच्या मनात साठली. पुढे एके दिवशी पलंगाच्या कडेला बसून वीसेक मिनिटांत त्याने शब्द उतरवले. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की तो नातू पुढे नौदलाच्या राखीव दलात गेला. गाण्याचा रोख एका व्यक्तीवर नाही, वशिल्यावर आहे.

आम्ही कॉमर्सचे. करवसुलीवाला दारात येताच श्रीमंताचे घर एकाएकी भणंग दिसू लागते, हे दुसऱ्या कडव्यातले चित्र वाचून आम्हांस हसू आले. फायली चाळणाऱ्यास याचा पुरावा लागत नाही!

मग हे गाणे टिकले कशामुळे? त्यात व्हिएतनामचे नावच नाही. कुठल्याही पिढीने आपले दुःख त्यात घालावे. शिवाय शब्द सोपे, कष्टकऱ्याच्या तोंडचे. अडीच मिनिटांच्या आत सारे आटोपते.

पण लोकप्रियतेचा धोकाही असतो. सुरुवातीला झेंड्याचा उल्लेख येतो; तेवढेच ऐकून कित्येकजण त्यास देशभक्तिगीत समजतात. २०२० साली अध्यक्ष ट्रम्प यांच्या प्रचारसभेत ते वाजले. ट्रम्प यांना तरुणपणी भरतीतून पाच वेळा सवलत मिळाली होती. फोगर्टीने ते वाजवू नये म्हणून कायदेशीर पत्र धाडले. जे गाणे ज्यांच्याविरुद्ध लिहिले, त्यांच्याच मांडवात वाजावे, याहून मोठी थट्टा कोणती?

म्हणून वाचकहो, आमची एवढीच विनंती. गाणे असो वा भाषण, पहिल्या ओळीवर टाळी देऊ नका. शेवटपर्यंत ऐका, आणि घरातील मुलांनाही तीच सवय लावा. अर्धवट ऐकणाऱ्याच्या हाती दुसऱ्याचा झेंडा देणे फार सोपे असते.