बोगद्याच्या तोंडाशी भर दुपारी दिवे हवेत

हडपसरहून साताऱ्याकडे निघालेला माणूस मंतरवाडी फाटा, उंड्री, कात्रज करत महामार्गाला लागतो आणि लगेच कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरतो. मुंबईला जाणाऱ्याला द्रुतगती मार्गावर कामशेत, खंडाळा, माडप, भाताण असे बोगदे ओलांडावे लागतात. बोगद्यातल्या दिव्यांची आठवण आपल्याला ते बंद पडले की होते, आणि तीही रात्रीच्या प्रवासात. खरा धोका मात्र लख्ख उन्हात, तोंडाशी असतो. तिथे रात्रीपेक्षा दिवसा कितीतरी पट जास्त उजेड लागतो. तो आहे की नाही हे यंत्राने मोजून लोकांना सांगितले पाहिजे.

दोष चालकाच्या डोळ्यांचा नाही. दुपारच्या उन्हात रस्त्यावर एक लाख लक्सपर्यंत प्रकाश पडतो. बोगद्याच्या मधल्या भागात त्याचा हजारावा हिस्साही नसतो. डोळ्याची बाहुली २ मिलिमीटरपासून फार तर ८ मिलिमीटरपर्यंत फाकते, म्हणजे आत येणारा प्रकाश जेमतेम १६ पट वाढवू शकते. उरलेले काम डोळ्याच्या पडद्याला करावे लागते आणि त्याला वेळ लागतो. भर उन्हातून माजघरात पाऊल टाकल्यावर आपण क्षणभर भिंत धरून उभे राहतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात ४०-५० मीटर पुढे गेलेली असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट आत शिरण्याआधीची आहे. ८०च्या वेगात गाडी सुरक्षित थांबवायला १२० मीटर लागतात, असे आपले रस्ते-मानक धरते. म्हणजे तोंडापासून १२० मीटर अलीकडे, डोळे उन्हाला सरावलेले असतानाच, आत उभे असलेले वाहन दिसायला हवे. तिथून पाहिले तर अपुऱ्या उजेडाचा बोगदा निव्वळ काळा दिसतो. पुण्याकडून कात्रजचा बोगदा चढावर आहे. भरलेला ट्रक तिथे रांगत असतो, मागचा दिवा धुळीने माखलेला. हंगामात उसाच्या ट्रॉलीला तर बहुधा मागचा दिवाच नसतो.

म्हणूनच बोगद्याच्या दिव्यांसाठीची आंतरराष्ट्रीय मानके सुरुवातीच्या टप्प्यावर भर देतात. गाडी थांबायला लागते तेवढ्या अंतरात सर्वांत प्रखर उजेड ठेवायचा, मग टप्प्याटप्प्याने उतरवत मधल्या भागापर्यंत आणायचा. भारतीय रोड काँग्रेसचीही रस्ते-बोगद्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. एकाच अंतराने एकसारखे दिवे लावलेला बोगदा फोटोत छान दिसतो, पण डोळ्यांसाठी तो नीट प्रकाशलेला नसतो.

चालकांनी वेग कमी करावा, दिवे लावावेत, गॉगल काढावा, असे म्हटले जाते. हे सगळे करावेच. पण पुढे काळे दिसले म्हणून एकाने करकचून ब्रेक दाबला की मागून येणारा त्याच्यावर आदळतो. तोंडाशी अचानक कमी होणारा वेग हाच एक धोका आहे. शिवाय सगळ्यांचे डोळे सारखे नसतात. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, आणि मोतीबिंदू सुरू झाला असेल तर उन्हाची तिरीप समोरचे सगळे धुरकट करते. अशा माणसाला शिस्त शिकवून त्याची नजर वाढत नाही.

विजेच्या बिलाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण तोंडाशी लागणारे जादा दिवे रात्री लागतच नाहीत, आषाढातल्या कुंद दुपारीही कमी पुरतात. बाहेरचा उजेड मोजणारे उपकरण एलईडी दिव्यांना जोडले की ते हवे तेवढेच जळतात. बाहेरचा झगमगाट कमी करणे तर आणखी स्वस्त. बोगद्याच्या दर्शनी भिंतीवर पांढरा रंग आणि शोभेची चित्रे कशाला? गडद दगड ठेवावा, कडेने दाट झाडी वाढवावी. डोळे आधीच थोडे सावरतात आणि आतले दिवे कमी लागतात.

हे आत्ताच ठरवायला हवे, कारण खंबाटकीचा नवा जुळा बोगदा, द्रुतगती मार्गाच्या मिसिंग लिंकमधला सुमारे ९ किलोमीटरचा बोगदा आणि पुण्याच्या रिंगरोडवरचे बोगदे मिळून आपला बोगद्यांतला प्रवास कितीतरी वाढणार आहे. प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात भर दुपारी, थांबण्याच्या अंतरावर उभे राहून स्वतंत्र यंत्रणेने मोजणी करावी. टोल तिथल्याच रस्त्यासाठी भरला जातो. तेव्हा कात्रजचे आकडे खेड शिवापूरच्या नाक्यावर लावावेत, आणि ते मानकापेक्षा कमी भरले तर दुरुस्ती होईपर्यंत ठेकेदाराचे पैसे कापावेत.