माहितीपत्रकाचे इंग्रजी कुठवर सुधारावे?

आपले कितीतरी कारखानदार बंधू आता यंत्राबरोबर इंग्रजीत छापलेले माहितीपत्रक देतात. इंग्रजी कच्चे असेल तर बाहेरगावचे गिऱ्हाईक हसेल, या धास्तीने तो मजकूर एखाद्या इंग्रजीच्या मास्तरांकडे जातो. मास्तर 'द' आणि 'अ' जागेवर बसवतात, वाक्ये लांब करतात. पैसे घेऊन अर्थ बिघडवून देण्याचाच हा प्रकार, असे आमचे स्पष्ट मत आहे.

'स्विच ऑफ मेन. देन ओपन कव्हर.' व्याकरणात हे अर्धवट असेल, पण कामगाराला कळते आणि त्याचा हात वाचतो. 'कव्हर उघडण्यापूर्वी वीजपुरवठा खंडित केलेला असणे इष्ट' अशा थाटाचे इंग्रजी केले की हुकमाचा सल्ला होतो, आणि कव्हर आधी, वीज मागाहून येते.

दुरुस्ती हवी ती निराळ्याच जागी. 'क्लीन फिल्टर अँड रिप्लेस' यात व्याकरणाची चूक नाही. पण तोच फिल्टर परत बसवायचा की नवा घालायचा? 'ऑइल आफ्टर 8 अवर्स' म्हणजे एकदाच, की दर 8 तासांनी? 'शॅल', 'शुड' आणि 'मे' यांचेही तसेच. आंतरराष्ट्रीय मानकांत 'शॅल' म्हणजे बंधन, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे मुभा. शाळेत मात्र 'शॅल' शिकवतात तो भविष्यकाळासाठी!

विमानासारख्या नाजूक धंद्यानेही हीच वाट धरली. परभाषिक मेकॅनिकांसाठी युरोपच्या विमान उद्योगाने 1986 मध्ये सोप्या इंग्रजीचे नियम काढले. कृती सांगणारे वाक्य 20 शब्दांच्या आत हवे आणि एका शब्दाला एकच अर्थ. 'क्लोज' म्हणजे बंद करणे. 'जवळ' या अर्थी तो शब्द चालत नाही.

निर्यातीच्या कागदपत्रांतही हाच न्याय. क्रेडिटच्या पत्रावर पैसे देताना बँका कागद कसे तपासतात, याची इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची 745 क्रमांकाची पुस्तिका 2013 मध्ये निघाली. 'मशीन'चे स्पेलिंग चुकले तरी अर्थ बदलत नसल्याने तो दोष धरू नये, असे तीत आहे. पण मॉडेल 321 च्या जागी 123 पडले, तर तो दोषच. म्हणजे स्पेलिंगपायी पैसे अडत नाहीत, आकड्यापायी अडतात.

कायदाही आता कडक आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 84 प्रमाणे, योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा मालाबरोबर नसेल आणि त्यातून इजा झाली, तर उत्पादकाला जबाबदार धरता येते. तिथे भाषेची नजाकत कोणी विचारणार नाही.

तेव्हा छापण्याआधी ते पत्रक यंत्र कधी न चालवलेल्या, जेमतेम इंग्रजी वाचणाऱ्या पोराच्या हाती द्या आणि वाचून यंत्र चालव म्हणा. शेजारी जाणता कारागीर उभा ठेवा. पोरगा जिथे अडेल तिथला शब्द बदला. मास्तरांची फी त्यानंतर, हौस असेल तर.