टपावरचे एक छिद्र

गतवर्षी एप्रिल महिन्यात आम्ही उभयता इंग्लंडमधील लीड्स येथे कन्येकडे गेलो होतो. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जावई मला म्हणाले, "मामा, जरा बाहेर येता का? तुमचा सल्ला हवा आहे." निवृत्त माणसाला यापेक्षा गोड वाक्य दुसरे नसते. मी तत्काळ कोट चढवला.

दारात एक पांढरी, उंच मोटारहोम उभी होती. बिछाने, शेगडी, मोरी, शौचकूप अशी सर्व सोय असलेले ते चाकांवरचे घर जावयांनी हिवाळ्यात जुन्या बाजारात घेतले होते. महिनाअखेर आम्हा सर्वांना घेऊन स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आठ दिवस फिरण्याचा त्यांचा बेत होता. प्रश्न होता तो टपावर टीव्हीची छत्री बसवण्याचा.

माझी पहिली प्रतिक्रिया वाचकांच्या मनात आली असेल तीच होती. डोंगर आणि सरोवरे पाहण्यास निघालेल्या माणसांना टीव्ही कशाला? मी तसे बोलूनही दाखवले. जावई काही बोलले नाहीत, त्यांनी केवळ घराच्या खिडकीकडे पाहिले. खिडकीत आमचे व्याही बसले होते.

व्याह्यांना घरात सर्व जण अण्णा म्हणतात. कोल्हापूरकडच्या टपाल खात्यात त्यांनी छत्तीस वर्षे नोकरी केली. पत्नीच्या निधनानंतर ते मुलाकडे आले आणि गेल्या तीन वर्षांत त्यांची स्मृती क्षीण होत गेली. सायंकाळ झाली की ते अस्वस्थ होतात, चपला शोधू लागतात, "घरी जायाचं हाय" म्हणतात. त्या वेळी त्यांना शांत करणारी एकच गोष्ट घरात सापडली आहे आणि ती म्हणजे टीव्हीवरील स्नूकर. तरुणपणी अण्णा कॅरममध्ये पटाईत होते. हिरव्या मेजावरचे रंगीत चेंडू पाहताना त्यांचे बोट आपोआप मांडीवर स्ट्रायकर मारू लागते. लाल चेंडू खिशात गेल्यावर रंगीत चेंडू घालावाच लागतो, हा नियम त्यांनी कुणी न सांगता ओळखला. "कव्हर द्यावं लागतंय," असे ते मला समजावून सांगत. पंधरा लाल चेंडू पाहून प्रथम मात्र ते हबकले होते म्हणे. "एवढ्या राण्या?"

स्नूकरची जागतिक स्पर्धा १९७७ पासून शेफील्ड येथील क्रूसिबल नाट्यगृहात भरते. ती एप्रिलमध्ये सुरू होऊन मेच्या पहिल्या सोमवारपर्यंत चालते आणि बीबीसी ती दाखवते. आमच्या सहलीचे आठही दिवस त्या स्पर्धेत येत होते. सायंकाळी सहानंतर टीव्ही लागला तर अण्णा येऊ शकणार होते, नाही तर त्यांच्यासाठी कन्येला घरी राहावे लागणार होते. एवढे ऐकल्यावर माझा आक्षेप मी मागे घेतला.

खर्चाचा आक्षेप मात्र मागे घेतला नाही. स्वतःच उपग्रह शोधणारी, बटण दाबताच उघडणारी आणि मिटणारी छत्री सुमारे तेराशे पौंडांची होती. जमिनीवर तिकाटण्यावर उभी करावयाची साधी छत्री शंभर पौंडांच्या आत मिळत होती. मी कागदावर दोन रकाने आखून जावयांपुढे ठेवले. त्यांनी ते आदराने वाचले आणि विचारले, "मामा, संध्याकाळी सहाला पाऊस पडत असताना होकायंत्र घेऊन चिखलात कोण उभे राहणार? आणि तेवढा वेळ अण्णांजवळ कोण बसणार?" माझ्या रकान्यांत या गोष्टीसाठी जागा नव्हती. मोबाइलवर पाहण्याचा मार्गही मी सुचवला होता. पण ज्या दऱ्यांत जायचे होते तेथे अनेक ठिकाणी मोबाइलचे जाळे पोहोचत नाही, आणि डोंगराआड जमिनीवरील प्रक्षेपण मनोऱ्याचा भरवसा नसतो. तेथे आकाशाकडेच पाहावे लागते.

आकाशाकडे म्हणजे नेमके कुठे, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबर त्याच गतीने फिरतो, त्यामुळे खालून तो एका जागी स्थिर भासतो. असे तीन उपग्रह जगाला संदेश पुरवू शकतील ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली 'वायरलेस वर्ल्ड' या नियतकालिकात मांडली होती. आपल्याकडे १९७५-७६ मध्ये अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहावरून २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवला गेला, तेव्हा कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, दहा फूट व्यासाच्या छत्र्या वापरल्या होत्या. आज उपग्रह शक्तिशाली झाले, लहरींची कंपनसंख्याही वाढली, म्हणून दोन फुटांची छत्री पुरते.

ब्रिटनमध्ये २००८ पासून फ्रीसॅट ही सेवा आहे, तिला मासिक वर्गणी नाही. तिचे उपग्रह २८.२ अंश पूर्व रेखांशावर आहेत. ब्रिटनमधून पाहिले तर ही जागा आग्नेयेकडे येते आणि जितके उत्तरेकडे जावे तितकी क्षितिजाकडे झुकते. लीड्समध्ये ती क्षितिजापासून सुमारे २३ अंशांवर, तर स्कॉटलंडमधील ग्लेन्को परिसरात केवळ १९ अंशांवर. हात ताठ समोर धरून वळलेली मूठ साधारण दहा अंश व्यापते, म्हणजे तेथे उपग्रह दोन मुठींवर. आमच्या सांगलीत डीडी फ्री डिशचा उपग्रह सहा मुठींवर, जवळजवळ डोक्यावरच असतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या नारळाची आपल्याला फारशी अडचण होत नाही. तिकडे मात्र प्रत्येक झाड आणि प्रत्येक टेकडी आड येते. शिवाय दोन फुटांच्या छत्रीचा रोख दोन अंशांनी चुकला तरी चित्र जाते. सुटीत स्पेनच्या दक्षिणेकडे मोटारहोम नेणाऱ्यांची आणखी एक निराशा होते. बीबीसीचा झोत मुद्दाम ब्रिटिश बेटांपुरता आवळलेला असल्याने तेथे एवढ्या छत्रीवर काहीच दिसत नाही.

छत्री आली. पण ती बसवण्यापूर्वी एक जुने कर्ज फेडावे लागले. गाडीच्या आधीच्या मालकाने कुठल्याशा दुकानातून टपावर एक अँटेना बसवून घेतली होती. ती पुढे काढून टाकली, पण स्क्रूची चार भोके आणि केबलचे एक भोक न्हाणीघरात वापरतात त्या सिलिकॉनने बुजवलेले होते. आत कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात पिवळट डाग दिसला. जावयांनी ओल मोजणारे यंत्र टेकवले तेव्हा काटा शेवटाला जाऊन भिडला. अस्तर उचकटले तर आतले लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखे हाताला आले.

मोटारहोमचा टप म्हणजे एकसंध पत्रा नव्हे. बाहेरून पातळ फायबरचा किंवा ॲल्युमिनियमचा थर, मध्ये फोम आणि लाकडी पट्ट्या, आतून प्लायवूडचे अस्तर, असे ते सँडविच असते. बाहेरच्या थराला सुईएवढे छिद्र पडले तरी पाणी आत शिरते, पट्ट्यांतून पसरते आणि भलतीकडेच डाग होऊन उगवते. इंजिन बिघडले तर दुरुस्त होते, पण ओलीने आतून कुजलेली गाडी भंगाराच्या भावाने जाते. बँकेत आम्ही कर्जाच्या फायली तपासत असू तेव्हा मोठ्या बुडीत खात्यांची सुरुवात अशाच एखाद्या न वाचलेल्या टाचणापासून झालेली आढळे. त्यामुळे हा प्रकार मला परका वाटला नाही.

कुजलेला भाग कापून, वाळवून, नवे लाकूड बसवण्यात चार दिवस गेले. सर्वांत त्रास दिला तो सिलिकॉनने. त्याचा पुसटसा अंश उरला तरी त्यावर दुसरा कोणताही चिकट पदार्थ धरत नाही, आणि ते सहजी निघतही नाही. जावई प्लास्टिकच्या पट्टीने तासन्‌तास खरवडत होते.

या काळात माझ्या हातून एक उपयुक्त काम झाले. मी वर्तमानपत्राचे कागद चिकटवून छत्रीच्या मापाचे दोन नमुने कापले, एक मिटलेल्या छत्रीचा आणि एक ती उघडून पूर्ण फिरेल तेव्हा व्यापणाऱ्या वर्तुळाचा. ते टपावर पसरले तेव्हा कळले की जावयांनी खुणा केलेल्या जागी छत्री मिटलेली नीट बसेल, पण फिरताना स्वयंपाकघराच्या झडपेला चार बोटे धडकेल. जागा मागे सरकवली. सौरपट्टीवर सावली पडणार नाही हेही त्याच कागदाने पाहून घेतले. पूर्ण गाडीला प्रवासी व पाणी धरून ३,५०० किलोंची मर्यादा होती. म्हणून छत्रीचे बारा किलो वजन मी बेरजेत धरायला लावले आणि त्या बदल्यात टाकीत बारा लिटर पाणी कमी भरण्याचे ठरले. यावर कन्या हसली. पण बेरीज ती बेरीज.

छत्री प्रथम जमिनीवरच जोडून चालवून पाहिली. वर चिकटवल्यानंतर ती नादुरुस्त निघाली तर काढताना टपाची सालच निघेल. मग बैठक स्क्रू न मारता केवळ पॉलियुरेथेनच्या सीलंटने चिकटवली. पृष्ठभाग सांगितलेल्या द्रवाने पुसणे, हलका घासणे, अस्तराचा हात देणे हे सर्व जावयांनी पुस्तिकेतील वाक्यावर बोट ठेवून केले. बैठकीखाली दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या ठेवल्या होत्या. त्या नसत्या तर दाबताना सारे सीलंट बाजूला पळाले असते. पातळ थर गाडीच्या हादऱ्यांनी तुटतो, जाड थर रबरासारखा त्यांच्याबरोबर डोलतो. हे सीलंट हवेतील दमटपणाने घट्ट होते, मात्र थंडीत ते फार मंद चालते. सात-आठ अंशांच्या त्या हवेत आम्ही गाडी चार दिवस जागची हलवली नाही.

उरले ते केबलचे छिद्र. एकच आणि अटळ. जावयांनी ड्रिल हातात घेतले आणि तसेच थांबले. अजून चार दिवसांपूर्वीच्या कुजक्या लाकडाचा वास त्यांच्या नाकात असावा. "मामा, हे एकदा पाडले की परत नाही." मी खाली शिडी धरून उभा होतो. आतून कपाटात पुन्हा हात घालून मी वायर कुठून जाते ते चाचपले, माप पुन्हा सांगितले, आणि ते आधीच्या मापाशी जुळले. मग त्यांनी टपावर चिकटपट्टी लावून सावकाश ड्रिल फिरवले. छिद्राच्या कडेला दिसणारा फोम आणि लाकूड सीलंटने पूर्ण बंद केले, केबल आत शिरण्यापूर्वीच थेंब बाहेर टिपकावा असा तिला झोल दिला आणि वरून तोंड मागच्या बाजूस असलेले झाकण चिकटवले, म्हणजे धावताना वाऱ्याबरोबर पाऊस आत घुसू नये. बॅटरीपासून जाड वायर आणि बॅटरीलगत फ्यूज. इंजिनच्या चावीकडून आणखी एक वायर आणली. गाडी सुरू होताच छत्री आपोआप मिटावी यासाठी ती असते. माणूस विसरतो, म्हणून ती वायर. जुन्या दगडी पुलांच्या त्या देशात उघडी छत्री घेऊन निघणे म्हणजे पुलालाच आमंत्रण. छत्रीसह गाडीची उंची तीन मीटरहून अधिक झाल्याने चालकासमोर उंचीची पाटी लावणे कायद्यानेही आवश्यक होते. ती मी स्वच्छ अक्षरांत लिहिली.

ग्लेन्कोला आम्ही तिसऱ्या दिवशी पोहोचलो. सायंकाळचे पावणेसहा झाले होते. अण्णांनी चपला शोधण्यास आरंभ केला होता. जावयांनी बटण दाबले, छत्री उठली, एक पूर्ण फेरा घेतला, दुसरा घेतला आणि पडद्यावर उपग्रह सापडत नसल्याचा संदेश आला. जावयांचा चेहरा उतरला. मी बाहेर जाऊन आग्नेयेकडे तोंड केले आणि दोन मुठी मोजल्या. नेमक्या त्या उंचीवर स्प्रूसच्या झाडांची ओली, काळीभोर रांग उभी होती. जागेच्या मालकाला विचारून गाडी चाळीस पावले पुढे घेतली. तेथे दोन डोंगरांमध्ये आकाशाचा एक रुंद तुकडा मोकळा होता. या वेळी छत्री अर्ध्या फेऱ्यातच थबकली, जरा मागे आली, आणि हिरवे मेज उजळले.

अण्णा चपला हातात घेऊन दाराशी उभे होते. ते वळले. "पाव्हणं," ते मला म्हणाले, "जरा सरकून बसा की. डाव लागलाय." मी सरकलो. बाहेर डोंगरावर साडेआठपर्यंत उजेड होता. सौ. आणि कन्या तळ्याकाठी दीड तास फिरून आल्या. त्या आल्या तेव्हा आम्हा दोघांमध्ये निळा चेंडू आधी घ्यावा की काळा यावर वाद चालू होता.

मध्यरात्री पाऊस सुरू झाला. टपावर तो असा वाजत होता की झोप येणे शक्यच नव्हते. थोड्या वेळाने विजेरीचा उजेड दिसला. जावई अनवाणी उभे राहून कपाट उघडत होते. त्यांनी केबलच्या मुळाशी कागदी रुमाल दाबून धरला, काढून उजेडात पाहिला आणि मी जागा आहे हे दिसल्यावर माझ्या हातात दिला. तो कोरडा होता. मी चष्मा लावून पुन्हा एकदा पाहिला.