भर दुपारी जळणारे दिवे
आमच्या गल्लीतले पथदिवे भर दुपारी चालू. कंत्राटदार म्हणतो, "प्रकाश सेन्सर गेलाय, ते मॉडेल आता येत नाही. दुसऱ्याचा ड्रायव्हर कंपनीच लिहिणार, नाहीतर अख्खी पेटी बदला."

अहो, पेटीत लिनक्स आहे! मी पोटासाठी ड्रायव्हरच लिहितो. बीएच-१७५० घ्या: आय-टू-सीवर एक आज्ञा द्यायची, साधारण १२० मिलिसेकंद थांबायचं, दोन बाइट वाचायचे, १.२ ने भागलं की लक्स. याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये तयार पडलाय, फुकट. पण पेटीचा सोर्स कोडच दिला नाही तर तो बसवणार कुठे?

टेंडरमध्ये 'सोर्स कोड आणि डेटाशीट देणे बंधनकारक' ही एक ओळ घालायला नगरपालिकेचं काय जातं? दुपारचं वीजबिल आपल्याच पट्टीतून जातंय. सोमवारी लेखी अर्ज देतोय. सहीला कोण कोण येतंय?